अनुभवाच्या दारावर कोण उभं आहे?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. विहारात रविवारचा वाचनवर्ग संपला, चटया गुंडाळल्या गेल्या. लाखांदूर तालुक्यातली, एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असलेली एक पोरगी मात्र दाराशीच थांबली. म्हणाली, "दादा, माझे एकशेवीस तास कुठं करू?"

आम्हाला प्रश्नच कळला नाही. आम्ही मोर्चे काढलेली माणसं. शिष्यवृत्ती रखडली तर समाजकल्याणच्या कार्यालयात कोणत्या टेबलावर जायचं ते आम्हाला माहीत. जात पडताळणीचा अर्ज अडकला तर कागद कोणते लागतात ते तोंडपाठ. पण हे 'एकशेवीस तास' आमच्या शब्दकोशात नव्हते. मग तिनेच समजावून सांगितलं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमात २०२३-२४ पासून 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं. चार क्रेडिट, एका क्रेडिटचे ३० तास, म्हणजे १२० तास. एखाद्या कार्यालयात, कारखान्यात, संस्थेत जाऊन काम शिकायचं, प्रमाणपत्र आणायचं, अहवाल लिहायचा. संलग्न महाविद्यालयांच्या पदवी अभ्यासक्रमातही २०२४-२५ पासून हे लोण आलं आहे. महाविद्यालयानं तिला एक पत्र दिलं आणि सांगितलं, जागा तुमची तुम्हीच शोधा.

तिने शोधली. पाच ठिकाणी गेली. एका कचेरीत आधी नाव विचारलं, मग पूर्ण नाव, मग गाव, मग "गावात कोणत्या मोहल्ल्यात राहता?" शेवटी "सध्या आमच्याकडे जागा नाही." आठ दिवसांनी तिच्याच वर्गातली दुसरी मुलगी त्याच कचेरीत बसायला लागली. तिच्या काकांची तिथे ओळख होती.

तिला जातीमुळेच नाकारलं, असं आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. आणि मित्रांनो, खरी अडचण नेमकी इथेच आहे. सरकारी नोकरीची जाहिरात निघते, बिंदुनामावली असते, गुणवत्ता यादी लागते. अन्याय झाला तर कागद दाखवून भांडता येतं. इथे जाहिरात नाही, अर्ज नाही, यादी नाही, नकाराचं कारणही नाही. जिथे कागद नसतो तिथे जात आरामात बसते, कारण तिला सही करावी लागत नाही.

इंटर्नशिप म्हणजे नेमकं काय मिळतं?

आमच्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणाले, सोडा हो, ही भांडवलदारांची फुकट मजुरी आहे. यात तथ्य आहे, त्यावर पुढे बोलू. पण आधी पवनी तालुक्यातल्या एका पोराचं ऐका. त्याला एका कर सल्लागाराकडे जागा मिळाली होती. बी.कॉम.ला त्याला चांगले गुण होते. जमा-नावे पाठ होतं. पण पहिल्या दिवशी समोर व्हाउचरची पिशवी आली तेव्हा कोणती नोंद कुठे करायची ते सुचेना. दोन महिन्यांत तो बँकेचा ताळमेळ लावायला शिकला. जीएसटीचं एक विवरणपत्र दर महिन्याच्या ११ तारखेला आणि दुसरं २० तारखेला का भरावं लागतं, त्या तारखांआधी कचेरीत किती धावपळ असते ते त्याने पाहिलं. व्यापाऱ्याला फोन करून "तुमचं एक बिल कमी आहे" हे न अडखळता सांगायला शिकला. एकदा साहेबांच्या आकड्यात चूक दिसली. दोन दिवस गप्प राहिला, तिसऱ्या दिवशी बोलला. साहेबांनी चूक मान्य केली.

तो आम्हाला म्हणाला, "दादा, हिशेब मी शिकलोच. पण मोठ्या माणसाला 'हे चुकलं आहे' असं सांगता येते, हे मले तिथं समजलं."

हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. आपल्या पोरांकडे बुद्धी कमी नसते. कमी असतो तो कचेरीच्या आतल्या वातावरणाचा सराव. आवक-जावक म्हणजे काय, टिप्पणी कशी लिहितात, ई-मेलला विषय का लिहायचा, बैठकीत कधी बोलायचं, हे ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या नोकरीत आहेत त्यांना जेवताना ऐकून कळतं. आमच्या घरात जेवताना रोवणीचा भाव, रोजगार हमीचं मस्टर आणि राशनचं धान्य यावर बोलणं होतं. त्यात लाज कसलीच नाही. पण मुलाखतीत विचारलं जातं ते पहिल्या घरातलं, दुसऱ्या घरातलं नाही. ही दरी भरून काढायचं एक साधन म्हणजे इंटर्नशिप. दुसरा फायदाही आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्याला काय करायचं नाही, हे वेळेत कळतं. आमच्या ओळखीतल्या एकाने तीन वर्षं बँकेच्या परीक्षांची तयारी केली आणि शाखेत महिनाभर बसल्यावर त्याला कळलं की आपला जीव यंत्रात रमतो. हे तीन वर्षं आधी कळलं असतं तर?

हा प्रश्न नवा नाही

नाव इंग्रजी आहे म्हणून प्रश्न नवा वाटतो. कामाच्या जागी शिरून काम शिकण्याचा हक्क, हा आपल्या चळवळीचा जुनाच मुद्दा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होईल म्हणून सवर्ण कामगारच त्यांना येऊ देत नसत. गिरणीत मजुरी जास्त होती ती विणकाम खात्यातच. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. ज्याला मागावर उभंच राहू दिलं नाही तो विणकर कसा होणार? आणि नंतर म्हणायचं, यांना विणकाम येत नाही!

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचं प्रसिद्ध प्रतिपादन तिथलंच. पण त्याच भाषणातला दुसरा मुद्दा आपण कमी वाचतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणूनच का राहतो, पोर्टर का होत नाही, हे बाबासाहेबांनी उलगडून सांगितलं. स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकामही करून घेत, आणि अस्पृश्याला घरात कसं घेणार? म्हणून पोर्टरच्या जागेलाच तो नको. पहिली पायरीच बंद झाली की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप बंद. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर १९४२ च्या निवेदनात बाबासाहेबांनी नोकऱ्यांतल्या वाट्याबरोबरच विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी मदत मागितली. केवळ पदवी हाती देऊन भागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज धोट्याचा धागा तोंडाने ओढत नाहीत. पण २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक होता तो फक्त नावात. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. माणूस समोर नाही, आवाज ऐकलेला नाही, फक्त आडनाव दिसलं, तरी एवढा फरक. मग "पूर्ण नाव सांगा" या प्रश्नाने आपली पोरगी का गोंधळते, हे समजायला फार हुशारी लागत नाही.

कायदा आहे, पण कुठपर्यंत?

आपल्या आयटीआयच्या पोरांसाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्याच्या कलम ३-अ प्रमाणे मालकाने शिकाऊ उमेदवारांच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवायच्या आहेत. खाजगी मालकही यातून सुटत नाही. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही म्हणून आपण रडतो आणि जिथे कायद्याने जागा राखल्या आहेत तिथली यादी कधी मागत नाही.

पण महाविद्यालयाचं पत्र घेऊन फिरणाऱ्या पोरीला हा कायदा धरत नाही. तिच्यासाठी राखीव जागा नाही, विद्यावेतनाची सक्ती नाही. मग सरकारी योजना? प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना ३ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. महिना ५००० रुपये, वर्षभर, मोठ्या ५०० कंपन्यांत. पण तेव्हा वयाची अट २१ ते २४ होती, आणि पूर्णवेळ शिकणाऱ्याला त्यात जागा नव्हती. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही २०२४ चीच. बारावीला ६०००, आयटीआय-पदविकेला ८०००, पदवीधराला १०,००० रुपये. तीसुद्धा शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. म्हणजे शिकत असताना अनुभव सक्तीचा, पण त्या काळात हातात पैसा नाही.

आणि हा काळ कोणता असतो? बहुतेक वेळा उन्हाळा. भंडारा जिल्ह्यात मे महिना म्हणजे काय, ते शहरातल्या धोरणकर्त्याला कोण सांगणार? तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात जायचं, दुपारी घरी पुडे बांधायचे. भूमिहीन घरातल्या पोरापोरींची पुढच्या वर्षाची फी, पुस्तकं, एसटीचा पास याच पैशातून निघतो. ज्या १२० तासांत पोरगी कचेरीत बसते, त्या तासांची मजुरी बुडते. वर नागपूरला जागा मिळाली तर खोलीभाडं आणि खानावळ. तिच्या बापाने आम्हाला विचारलं, "शिकाले जाते म्हणता, मंग पैसे आपणच द्याचे?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून काय होतं? काही पोरं ओळखीच्या दुकानदाराकडून नुसतं प्रमाणपत्र आणतात. अहवाल मोबाईलवरून उतरवतात. क्रेडिट मिळतं, अनुभव शून्य. श्रीमंताच्या पोराने खोटं प्रमाणपत्र आणलं तर त्याला बापाचं दुकान आहे. आपल्या पोराने आणलं तर त्याचं शेवटचं साधनही गेलं.

फुकट मजुरीचं काय?

आता त्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आक्षेपाकडे येऊ. होय, इंटर्न म्हणून नेऊन चहा आणायला, झाडू मारायला, झेरॉक्स काढायला लावतात. होय, कायम पदं रिकामी ठेवून प्रशिक्षणार्थ्यांवर काम भागवतात. राज्याच्या योजनेत आधी सहा महिने, मग आणखी पाच महिने, आणि मग "आता घरी जा". त्या पोरांनी आंदोलनं केली ती हौसेने नाही.

तरीही बहिष्कार हे उत्तर नाही. आपण बाहेर राहिलो तर ती जागा रिकामी राहत नाही, दुसरा कुणी तरी बसतो आणि पाच वर्षांनी तोच आपल्या पोराची मुलाखत घेतो. शाळेत वर्गाबाहेर बसवलं म्हणून बाबासाहेबांनी शाळा सोडली नाही. आत जायचं, शिकायचं आणि आतून-बाहेरून नियम बदलायला लावायचे, हीच आपली परंपरा आहे.

फुकट मजुरीवर बोलताना थोडं आपल्या अंगणातही पाहू. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला खुर्च्या कोण मांडतं, वर्गणीची पावतीपुस्तकं कोण सांभाळतं, रात्री अकराला बॅनर कोण बांधतं? हीच पोरं. आम्ही त्यांच्याकडून वर्षानुवर्षं काम करून घेतलं आणि त्यांना काहीच शिकवलं नाही. दीड-दोन लाखांच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारा पोरगा मुलाखतीत "मला अनुभव नाही" म्हणून मान खाली घालतो. तो अनुभव होता, हे आम्ही त्याला कधी सांगितलं? त्याला जमाखर्च लिहायला, लेखापरीक्षणासाठी कागद लावायला, कार्यक्रमानंतर अहवाल करायला आम्ही शिकवलं का? खैरलांजीनंतर याच जिल्ह्याच्या रस्त्यांवर आम्ही उतरलो, ते योग्यच होतं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा उतरू. पण मोर्चा संपल्यावर त्या पोराच्या सोमवारचं काय, हा विचार आम्ही कमी केला. ही आमची चूक आहे आणि ती आम्ही इथे लिहून ठेवतो.

आम्ही काय केलं

त्या पोरीच्या प्रश्नानंतर आम्ही एक वही घेतली. जिल्ह्यात आपली माणसं कुठे कुठे आहेत, ते लिहायला सुरुवात केली. वकील, बँकेतले, कृषी खात्यातले, जिल्हा परिषदेतले, दवाखान्यातले, कारखान्यांतले. नावं भराभर आली. मग एकेकाला भेटलो.

काहींनी लगेच हो म्हटलं. काहींनी "साहेबांना विचारून सांगतो" म्हणून फोनच उचलला नाही. एका अधिकाऱ्याचं उत्तर मात्र मनाला लागलं. म्हणाले, "माझ्या ऑफिसात मी कोण आहे ते फारसं कुणाला माहीत नाही. तुमची पोरं आली की माहीत होईल." त्यांना शिव्या द्यायला सोपं आहे. पण वीस वर्षं नोकरी करून ज्याला आपलं नाव लपवावंसं वाटतं, त्याला कचेरीने काय शिकवलं असेल याचाही विचार करा. तरीही त्यांना आमचं सांगणं एवढंच आहे : तुम्ही ज्या दारातून आत गेलात ते दार चळवळीने उघडलं होतं. ते मागून लावून घेऊ नका.

शेवटी त्या पोरीला तालुक्याच्या ठिकाणी जागा मिळाली. कशी? आमच्यातल्या एकाच्या मेव्हण्याच्या ओळखीने. म्हणजे ज्या ओळखीच्या राज्यावर आम्ही इतकं बोललो, तीच ओळख आम्ही वापरली. हे आम्ही लपवत नाही. पण यातून धडाही घ्यायला हवा. ओळख एकीला तारते, नियम सगळ्यांना तारतो. आमची वही कितीही भरली तरी सात तालुक्यांतल्या सगळ्या पोरांना ती पुरणार नाही. म्हणून वहीबरोबर मागण्याही हव्यात.

पहिली मागणी, प्रत्येक महाविद्यालयाने इंटर्नशिपच्या जागांची यादी सूचना फलकावर लावावी आणि वाटप अर्ज घेऊन, उघडपणे करावं. 'तुमची तुम्ही शोधा' म्हणणं म्हणजे जबाबदारी जातीच्या हवाली करणं.

दुसरी, या वाटपात अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी यांचा वाटा ठरवून द्यावा आणि नकार दिला तर कारण लेखी द्यावं.

तिसरी, समाजकल्याण विभागाने शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना इंटर्नशिपच्या काळात प्रवास आणि निर्वाह भत्ता द्यावा. तेंदूपत्त्याची मजुरी बुडवून कुणी अनुभव विकत घेऊ नये.

चौथी, सुरक्षितता. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात स्फोट झाला आणि कामगारांचा जीव गेला. तो दिवस हा जिल्हा विसरणार नाही. शिकाऊ उमेदवार कायद्यात निदान सुरक्षेची आणि अपघाताच्या भरपाईची तरतूद आहे. महाविद्यालयाच्या पत्रावर यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या पोराचा विमा कोण काढणार, प्रशिक्षण कोण देणार, हे त्या पत्रातच लिहिलेलं असलं पाहिजे.

या जिल्ह्यात काम शिकायच्या जागा नाहीत, असं कुणी म्हणू नये. वरठीला पोलाद कारखाना आहे, गडेगावला वाहनांचा आहे, डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याला मँगनीजच्या खाणी आहेत, तुमसरला तांदळाची बाजारपेठ आहे, गोसीखुर्दसारखा प्रकल्प आहे, सात तहसील कार्यालयं आहेत. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याने बाबासाहेबांना निवडून दिलं नाही. ते ओझं आपण सगळेच वागवतो. त्याची भरपाई पुतळ्याला हार घालून होत नाही. या कारखान्यांच्या, कचेऱ्यांच्या फाटकातून आपली पोरं वॉचमनच्या नोंदवहीत मजूर म्हणून नाही, शिकाऊ म्हणून नाव लिहून आत गेली, तर थोडीफार होईल.

त्या पोरीचे १२० तास पूर्ण झाले. प्रमाणपत्र घेऊन ती रविवारी विहारात आली. आम्ही पेढ्यांची तयारी केली होती. ती म्हणाली, "पेढे नंतर. आधी ते १४ एप्रिलचं पावतीपुस्तक आणि बँकेचं पासबुक काढा." दोन तास बसून तिने आमच्या हिशेबात चार चुका काढल्या. शेजारी बसलेल्या बारावीच्या दोन पोरांना नोंद कशी करतात ते दाखवलं.

आम्ही चुका मान्य केल्या. ती आमची नवी हिशेबनीस आहे. तुमच्या गावातही अशी वही आजच सुरू करा.

जयभीम!